खिळ्यावरची चावी आणि न झालेली सही

हिरामणदादांनी माझ्या गाडीची चावी जप्त केली, त्या मंगल क्षणी त्यांचा आणि माझा प्रथम परिचय झाला. या घटनेस आता वीसेक वर्षे लोटली. मांडवा रस्त्यावरील विद्यालयात संस्कृतचा अध्यापक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. माझ्यापूर्वी तिघांच्या संसारात राहून आलेले एक लहानसे मोटारवाहन माझ्या पदरी होते. त्याचा भोंगा डावीकडे वळताना आपोआप वाजे, आणि विद्यालय डावीकडेच होते. रस्त्यालगतच्या पत्र्याच्या गॅरेजात मी शिरलो आणि तेथील गृहस्थांस म्हणालो, "महोदय, या वाहनाच्या अनाहूत नादाचे निवारण होईल काय?"

ते गृहस्थ थेट गाडीखाली गेले. बाहेर आल्यावर फडक्याला हात पुसत म्हणाले, "भोंगा ऱ्हाऊ दे, मास्तर. भोंगा वाजतो म्हनून मानसं बाजूला व्हतात. ब्रेक न्हाय तुमच्या गाडीला."

"मग चावी कधी मिळेल?"

"ब्रेक आल्यावर."

भिंतीवर एकवीरा आईची तसबीर होती आणि तिच्याखाली एक खिळा. माझी चावी त्या खिळ्यावर गेली. मी नागरिकांच्या मालमत्ताविषयक अधिकारांवर एक सुबोध व्याख्यान दिले. ते संपेपर्यंत दादा थांबले आणि म्हणाले, "चहा घ्या."

श्री. हिरामण धर्मा घरत यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी मजकडे लेख मागताना संपादक मंडळाने 'दादांचे कार्य, मूल्ये व स्वभाव' असे तीन विभाग सुचविले होते. अत्यंत विनम्रतेने निवेदन करतो की हे तिन्ही विभाग एकाच खिळ्यावर टांगलेले आहेत, आणि ते सुटे करण्याचे सामर्थ्य प्रस्तुत लेखकात नाही. दादांच्या गॅरेजचा नियम सर्वांस विदित आहे. जे वाहन रस्त्यावर जाण्यास अपात्र, त्याची चावी खिळ्यावर. मालक कोण, कोणाचा मेहुणा, कोणत्या पक्षाचा, हे प्रश्न गौण. दुरुस्तीनंतर दादा स्वतः ते वाहन मांडव्याच्या जेट्टीपर्यंत नेऊन परत आणतात. मालकाने शेजारी बसावे, परंतु बोलू नये. कारण दादा त्या वेळी गाडीचे ऐकत असतात. परतल्यावर ते "न्या" म्हणतात किंवा चावी पुनश्च खिळ्यावर जाते.

या कठोर नियमास एक मृदू पोटनियमही आहे. ज्याची चावी खिळ्यावर, त्याची निकड दादांच्या अंगावर. माझी चावी टांगली गेली त्याच सप्ताहात दहावीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अलिबागला पोहोचविणे मला क्रमप्राप्त होते. दादांनी आपली स्कूटर काढली. पुढे ते, मागे मी आणि आम्हा दोघांच्या मध्ये एका संपूर्ण तालुक्याचे भवितव्य गोणपाटात बांधलेले, अशी आमची यात्रा निघाली. वाटेत त्यांनी विचारले, "पोरं पास हायत ना?" मी गोपनीयतेचा नियम सांगितला. त्यावर ते म्हणाले, "बरं. पन कुनाला उगाच नापास केला आसंल तर आत्ता सांगा, गाडी वळवतो." स्कूटर वळवावी लागली नाही, मात्र त्यानंतर उत्तरपत्रिका तपासताना त्यांचा हा प्रश्न माझ्या मनगटास सदैव धरून राहिला आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. वळणे हाच त्या विषयाचा गाभा आहे.

तीन वर्षांपूर्वी वत्सलाताई पाटील यांनी एक आलिशान परदेशी सेडान खरेदी केली. वत्सलाताईंची ओळख या पंचक्रोशीस करून देणे म्हणजे समुद्रास मिठाची ओळख करून देणे होय. तथापि दूरस्थ वाचकांसाठी सांगतो की पतिनिधनानंतर त्यांनी मालवाहू ट्रकांचा व्यवसाय एकहाती उभा केला आणि त्यातील प्रत्येक ट्रक त्या स्वतः चालवू शकतात. सेडान शुभ्र, दीर्घदेही आणि इतकी निःशब्द होती की सुरू आहे की बंद, हे पाहण्यास लोक तिच्या बॉनेटवर हात ठेवीत. दसऱ्याला तिची यथासांग पूजा झाली. झेंडूचा हार चढला, बॉनेटवर नारळाचे पाणी शिंपडले गेले.

पूजेनंतर काही महिन्यांनी धरमतरच्या खाडीपुलाकडील वळणावर त्या सेडानचे स्टिअरिंग अकस्मात दगडासारखे जड झाले. ताईंचे दंड ट्रकवर घडलेले असल्याने त्यांनी दोन्ही हातांनी ते ओढून काढले आणि कठड्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबविली. शेजारी त्यांच्या वृद्ध मातोश्री होत्या. त्या दिवशी सायंकाळी ताई गॅरेजात येऊन उद्गारल्या, "दादा, माझे ट्रक म्हातारे झाले, पन मान वळवतात. ही बया नवी कोरी, आन् मान वळवत न्हाय!"

दादांनी चालकाच्या पायाखालची चटई उचलली, गालिचा सोडविला. खाली बोटभर पाणी साचले होते. त्या पाण्यात स्टिअरिंगला वीज पुरविणाऱ्या वायरींचा एक जोड बुडालेला होता आणि त्यावर तांब्यावर येते तशी हिरवी कळक चढली होती. पाणी सापडल्यावर सामान्य मेकॅनिक ते पुसतो. दादांनी त्यात बोट बुडविले आणि जिभेला लावले.

येथे दादांच्या कुलपरंपरेचा उल्लेख अपरिहार्य आहे. त्यांचे वडील धर्माबाबा मिठागरावर राबले. वाफ्यातील पाणी मीठ धरण्यास सिद्ध झाले की नाही, हे धर्माबाबा जिभेवर ठरवीत. आणि सात वर्षांच्या हिरामणास त्यांनी प्रथम जी विद्या दिली ती हीच. अक्षरओळख त्यानंतरची. या जिभेने निकाल दिला, "खारट न्हाय. गोड न्हाय. सपक. हा एसीचा पानी हाय. ह्याचा पाइप बाहेर सुटायला पायजे, तो आत सुटतोय."

चौकशीअंती असे कळले की आदल्या वर्षी बनलेल्या याच बनावटीच्या सेडानी कंपनीने नेमक्या याच दोषासाठी परत बोलाविल्या होत्या. यास व्यवहारात 'रिकॉल' म्हणतात. प्रत्याह्वान हा शब्द मी सुचविला होता, तो कोणी घेतला नाही. वत्सलाताईंनी शोरूमला दूरध्वनी केला. तेथून मधुर स्वरात उत्तर आले की आपल्या गाडीचा क्रमांक यादीत नाही, आपल्या वर्षीच्या गाड्यांत पाइप सुधारलेला आहे, सबब आपली तक्रार उद्भवू शकत नाही.

तक्रार उद्भवलेली असून तिने खाडीचा कठडा पाहिलेला आहे, हे कंपनीस लेखी कळविण्याचे काम मजवर सोपविण्यात आले. मी तीन रात्री खर्चून एक तक्रारपत्र सिद्ध केले. 'आपल्या जगद्विख्यात आस्थापनेने निर्मिलेल्या या देदीप्यमान रथाची गती वायूसारखी, शोभा चंद्रासारखी' असा त्याचा आरंभ होता. दोष सहाव्या परिच्छेदात होता. कंपनीचे उत्तर तत्परतेने आले: 'आपल्या प्रेमळ अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत. आपला प्रवास असाच सुखाचा होवो.'

दादांनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. ते हसले नाहीत, हे त्यांचे मजवरील ऋण. केवळ म्हणाले, "मास्तर, तुमी लिवता चांगला. पन त्यांला कळला न्हाय की आपन मरत व्हतो." आणि त्यांनी तीन वाक्ये सांगितली. मी ती प्रमाण भाषेत उतरविली, अन्य काहीही केले नाही: 'गाडी वळणावर वळत नाही. एसीचा पाइप पायाखाली गळतो. माणूस मरायच्या आत बघा.'

या तीन वाक्यांनंतर मात्र कंपनीचा माणूस आला.

तो तरुण अधिकारी अतिशय शिष्ट होता. सदरा इस्त्रीचा, संगणक मांडीवर. त्याने खुर्ची पुसून घेतली आणि सांगितले की कंपनी सद्भावनेने ताईंचा जोड विनामूल्य बदलून देईल. त्यासाठी एका कागदावर दोन सह्या हव्यात. ताईंनी मान्य करावे की पूजेतील नारळाचे पाणी आणि समुद्राची खारी हवा यांमुळे जोड गंजला. दादांनी मान्य करावे की त्यांनी अनधिकृतपणे गालिचा उघडल्याने त्या जोडास इजा झाली.

"अंकल, बस एक साइन," अधिकारी म्हणाला. "फॉर्मॅलिटी आहे."

"फॉर्मॅलिटी हाय तर तुमीच करा," दादा म्हणाले.

मग दादांनी गाडीतील पाणी एका वाटीत काढले आणि ती वाटी त्याच्यापुढे धरली. "तुमी म्हनता नारळाचा हाय. मंग गोड लागंल. तुमी म्हनता दर्याचा हाय. मंग खारट लागंल. चाखा."

अधिकाऱ्याने खुर्ची मागे सरकविली. वत्सलाताईंनी वाटीत बोट बुडवून चाखले. त्यानंतर सर्वांच्या दृष्टी मजकडे वळल्याने मीही चाखले. ते पाणी पूर्णतः बेचव होते, इतकेच मी येथे साक्षीपूर्वक नोंदवितो. जठराचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय नव्हे.

जाताना अधिकाऱ्याने तो कागद तेथेच ठेवला आणि शिष्टपणा किंचित सैल केला. सही न झाल्यास, अनधिकृत हस्तक्षेप केला म्हणून गॅरेजविरुद्ध कारवाई होईल आणि या भागातील कंपनीच्या सर्व ग्राहकांस तसे कळविले जाईल, असे तो म्हणाला. हे बोलणे पोकळ नव्हते. किनाऱ्यावरील बंगल्यांत शनिवार-रविवारी येणाऱ्या मोटारी ही गॅरेजची मुख्य उपजीविका होती. पुढील कित्येक महिने दारात मिनीडोर रिक्षा आणि माझे सनातन वाहन यांखेरीज काही उभे राहिले नाही.

परंतु दादांची खरी परीक्षा त्या अधिकाऱ्याने घेतली नाही. ती घेतली वत्सलाताईंनी. ताईंच्या मातोश्रींस हरिहरेश्वरास जायचे होते, गाडीची चावी खिळ्यावर होती, आणि एका सहीच्या बदल्यात कंपनी ती गाडी धड करून देत होती.

"करून टाका ना सही, दादा," ताई म्हणाल्या. "कागदच हाय तो. माझी गाडी सुटंल, तुमचा गॅरेज वाचंल."

"तुझी सुटंल," दादा म्हणाले. "मागनं येनाऱ्याचा काय? त्यो यील शोरूमला. ते माझी सही काढून दाखवतील. बघा, मेकॅनिकनंच बिघडवली व्हती. मंग त्याला कोन इचारनार?"

"तुमाला जगाची काळजी. माझी आय दोन म्हैने माझ्या नावानं रडतेय!"

"तुझ्या आयला मी नेतो."

"स्कूटरवर? त्या हरिहरेश्वरापर्यंत?"

दादांनी दाराशी उभ्या स्कूटरकडे पाहिले. कारण स्कूटरवरच, असे त्यांच्या मनात होते. ताई संतापाने निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी त्यांनी मातोश्रींस आपल्या सर्वांत जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये गादी घालून बसविले आणि तो ट्रक हरिहरेश्वराच्या वाहनतळावर, पर्यटकांच्या चकचकीत मोटारींच्या मधोमध उभा केला. परतल्यावर त्या थेट गॅरेजात आल्या. हातातील प्रसाद दादांना देत म्हणाल्या, "समदी वळनं वळला माझा ट्रक. आय झोपली व्हती." आणि पुढे म्हणाल्या, "त्या कागदावर मी पन सही करनार न्हाय. ऱ्हाऊ दे ती बया इथंच."

आता प्रश्न पुराव्याचा होता. तो दादांनी मांडव्याच्या जेट्टीवर सोडविला. मुंबईहून मोटारी वाहून आणणारी बोट तेथे लागते. प्रत्येक शनिवारी दादा, वत्सलाताई आणि छत्रीधारी मी, असे आम्ही तिघे उतरणीच्या तोंडाशी उभे राहू लागलो. तशी सेडान दिसली की दादा हात करीत, काच खाली येई आणि दादा अदबीने विचारीत, "साहेब, पायाखालची चटई ओली लागते का?"

पहिल्या गृहस्थांनी "नको, नको, आमच्याकडे आहेत" असे म्हणून काच वर केली. आम्ही चटया विकतो असा समज जेट्टीवर दृढ झाला, आणि एका भगिनींनी तर दोन चटयांचा भावही विचारला. तथापि दादा ढळले नाहीत. चौथ्या शनिवारी एक निवृत्त प्राध्यापक लाभले. "ओली?" ते म्हणाले. "हो तर! मला वाटायचं, माझी पाण्याची बाटली सांडते." दादांनी परवानगी घेऊन गालिचा उचलला. तेच पाणी, तोच जोड, तीच हिरवी कळक. दादांचे बोट जिभेकडे जाताच प्राध्यापक ओरडले, "अहो, काय करताय!"

"चव बघतो. तुमी गाडीवर नारळ फोडलाता का?"

प्राध्यापक ताठ झाले. "मी निरीश्वरवादी आहे. आजवर माझ्या कोणत्याही वाहनाची पूजा झालेली नाही. का?"

वत्सलाताईंनी टाळीच वाजविली. "सापडला!" त्या म्हणाल्या. "साहेब, आमी तुमालाच शोधत व्हतो!" आपल्या नास्तिक्याचे एवढे हर्षभरित स्वागत त्या गृहस्थांच्या आयुष्यात बहुधा प्रथमच झाले असावे. सर्व वृत्तान्त ऐकल्यावर त्यांनी गाडी गॅरेजपर्यंत सावकाश आणली. त्यांची चावी एकवीरेखालील खिळ्यावर गेली. त्यांनी हात जोडले नाहीत. पण चावी आपल्या हाताने टांगली. त्यानंतर वसई आणि ठाणे येथील मालकही आले. त्यांपैकी बहुतेकांच्या गाड्या समुद्रापासून दूर, छपराखाली उभ्या असत. त्या तीन वाक्यांच्या पत्राखाली पानभर सह्या झाल्या आणि ते कंपनीकडे व संबंधित शासकीय कार्यालयाकडे रवाना झाले.

गेल्या वर्षी, ताईंच्या गाडीबरोबर बनलेल्या सर्व सेडानींच्या मालकांस कंपनीची पत्रे आली. 'अधिक दक्षतेचा उपाय म्हणून' त्यांचे क्रमांकही रिकॉलच्या यादीत समाविष्ट करण्यात आले होते. पत्रात वळणाचा उल्लेख नव्हता, खाडीच्या कठड्याचा नव्हता, दादांचा तर नव्हताच. वत्सलाताईंची गाडी नवा पाइप आणि नवा जोड लेवून आली. दादा ती जेट्टीपर्यंत घेऊन गेले, ताई शेजारी मौन पाळून बसल्या. परतल्यावर दादा म्हणाले, "ने." त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा विजय एका अक्षरात आटोपला. बंगलेवाल्यांच्या मोटारीही हळूहळू दारात परतल्या.

मात्र एक गोष्ट परतली नाही. दादांनी जोड बिघडविला, असे म्हणणारा तो कागद कंपनीने अद्याप मागे घेतलेला नाही. ग्राहकांस धाडलेल्या सूचनेत दादांच्या गॅरेजचे नाव आजही 'अनधिकृत हस्तक्षेप' या शीर्षकाखाली उभे आहे. आणि येथे मला या ग्रंथाच्या मलपृष्ठाविषयी बोलणे भाग आहे. वाचकांनी ते उलटून पाहिले असेल तर ते कोरे आहे. हा मुद्रणदोष नव्हे. त्या पृष्ठावर सेडानची रंगीत जाहिरात देण्याची आणि ग्रंथाचा संपूर्ण छपाईखर्च उचलण्याची तयारी शोरूमने दर्शविली होती. अट एवढीच, की प्रस्तुत लेखात 'जुने गैरसमज' उकरू नयेत. संपादक मंडळाची सभा भरली, आणि काही सभासदांस आर्ट पेपरचा मोह झाला, हे मी लपवीत नाही. वत्सलाताई उठून म्हणाल्या, "कागद हलका चालंल. नाव हलका न्हाय चालनार." म्हणून हा ग्रंथ साध्या कागदावर छापलेला आहे, मलपृष्ठ कोरे आहे आणि प्रस्तुत लेख जसा लिहिला तसा आहे.

समारंभात दादांस शाल व श्रीफळ अर्पण होईल. ते श्रीफळ वत्सलाताईंच्या सेडानसमोर फोडून त्याचे पाणी यथेच्छ तिच्या बॉनेटवर ओतावे आणि नंतर गाडी धरमतरच्या त्या वळणावरून न्यावी, असा ठराव मंडळाने एकमताने संमत केला आहे. चालक वत्सलाताई. त्यांच्या मातोश्री पुढे बसणार आहेत. मागे प्राध्यापक बसतील. पूजेस त्यांचा तात्त्विक विरोध आहे, प्रयोगास नाही.

राहता राहिली दीर्घायुष्याची प्रार्थना. परवा लेखासाठी गॅरेजात गेलो, तेव्हा एकवीरेखालील खिळ्यावर एकही चावी नव्हती. तेथे केवळ तो कागद होता, सहीची जागा रिकामी असलेला, कडा पिवळ्या पडलेला. मी म्हणालो, "दादा, आता तो काढून टाकावा. पंचाहत्तरी झाली."

दादांनी वर पाहिले. "गाडी नीट झाल्याबिगर चावी उतरवतो का मी?"

"नाही."

"मंग? चूक झाली, असा त्यांनी लिवून द्यावा. त्यांची सही आली की कागद उतरंल. तवर मी हाय हितंच."

कंपनीच्या पत्रव्यवहाराची गती आम्हा सर्वांस अनुभवाने ज्ञात आहे. तिचे गणित मांडता ही सही येण्यास किमान पाव शतक लागेल. हिरामणदादांनी ती स्वहस्ते स्वीकारावी, त्या दिवशीही त्यांची जीभ तितकीच खरी आणि गुडघे गाडीखाली जाण्याइतके शाबूत असावेत, आणि खिळा भिंतीत घट्ट असावा, हीच एकवीरा आईच्या चरणी आम्हा सर्वांची प्रार्थना. कंपनीने सावकाश सही करावी, आमची काही घाई नाही.